नागिणीनंतरच्या आगीवर लिग्नोकेनची पट्टी: सोलापूरच्या उन्हाळ्यातला अनुभव

लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची ५ टक्के पट्टी. आकार १० बाय १४ सेंटिमीटर, एका पट्टीत ७०० मिलिग्रॅम औषध. नागीण बरी झाली, खपल्या पडून गेल्या, पण कातडीची आग काही केल्या जात नाही, अशा माणसासाठी ही पट्टी आहे. आमच्याकडे ती सासूबाईंना लागते. आधीच सांगून टाकते: महाग आहे, उन्हाळ्यात सुटते, तरी डॉक्टरांना विचारून जरूर वापरून बघा.

सासूबाईंनी जन्मभर सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळल्या. नागीण उजव्या बरगडीखाली उठली, पाठीकडून पोटाकडे सरकली आणि बरोबर मध्यावर येऊन थांबली. शेजारणी गेरू घेऊन आल्या. दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो, असं सांगून त्यांना घाबरवूनही गेल्या. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगत, संवेदी चेतापेशींच्या गाठीत वर्षानुवर्षं दडून बसलेला असतो. त्या गाठीतून निघणारी नस अंगाच्या एकाच बाजूला जाते, म्हणून नागीण बहुतेक वेळा अर्ध्यावरच थांबते. गेरू लावण्यात मात्र मोलाचे दिवस जातात. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा जास्त उपयोग होतो. हे आपल्या सोलापुरात घरोघरी पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुरळ गेलं आणि दुखणं मागे राहिलं. दाबलं तर त्यांना एवढं दुखायचं नाही, पण झंपराचं कापड नुसतं घासलं की डोळ्यांत पाणी यायचं. पंख्याचा वाराही सहन होईना. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आमच्याकडे पंख्याशिवाय कसं निघतं ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. प्रेगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीनं थोडा आराम पडला, पण दिवसभर गुंगी. न्हाणीघरात जाताना तोल जायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला आणि जोडीला ही पट्टी दिली.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पट्टी काय करते हे समजून घेतल्याशिवाय मला राहवेना. चेतापेशीच्या बाहेर सोडियम भरपूर असतं, आत कमी. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टनं ऋण असते. उद्दीपन पुरेसं झालं की पेशीच्या पटलातल्या सोडियम वाहिन्या, म्हणजे सोडियमला आत घेणारी दारं, उघडतात, सोडियम आत घुसतं आणि मिलिसेकंदभरात त्या वाहिन्या आपोआप निष्क्रिय होतात. तेवढ्यात आवेग, म्हणजे नसेतला विजेचा संदेश, पुढे गेलेला असतो. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर मोजमापं घेऊन हे १९५२ साली मांडलं आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. नागिणीनं दुखावलेल्या नसेत हे सगळं बिघडतं. वाहिन्यांची संख्या आणि जागा बदलते, पेशी जराशा निमित्तानं पेटते, कधी निमित्त नसतानाही आवेग सोडत राहते. सासूबाई म्हणायच्या, "कुणी हात लावला नाही, काही नाही, उगाचच दुखतंय गं." त्यांचं खरंच होतं.

लिग्नोकेन या वाहिन्यांत आतल्या बाजूनं जाऊन बसतं. उघडझाप करणाऱ्या किंवा निष्क्रिय अवस्थेतल्या वाहिन्यांना ते जास्त घट्ट धरतं, शांत बसलेल्यांना कमी. सारखं उघडणाऱ्या दारात पाय अडकवणं सोपं, तसंच हे. म्हणजे जी नस विनाकारण आवेग सोडत असते तीच आधी कचाट्यात सापडते. दाताच्या डॉक्टरांच्या सुईतलं औषध तेच, पण तिथं गाल पार बधिर होतो. पट्टीतून आत जाणारं औषध इतकं कमी असतं की आग उतरते आणि बधिरपणा येत नाही. सासूबाईंना त्या जागी माझा हात लागलेला कळतो, गार-गरम कळतं. मला ही सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते.

पहिल्या दिवशी विशेष काही जाणवलं नाही. लावल्या लावल्या गार वाटलं, ते तिच्या जेलमुळे. फरक हळूहळू पडत गेला. एका दुपारी त्या स्वतःहून म्हणाल्या, "पंखा लाव की गं, किती उकडतंय." मी बटण दाबलं आणि मुद्दाम तिथंच उभी राहिले. वारा थेट अंगावर येत होता आणि त्या वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. आतून मधूनच कळ येते, तिला पट्टीचा उपयोग नाही. कातडीची, स्पर्शानं भडकणारी आग मात्र निम्म्याहून जास्त उतरली आहे.

आता तक्रारी. घामानं पट्टीच्या कडा सुटतात, बरगडीवर तर श्वासागणिक कातडी हलते. आम्ही जागा गार पाण्यानं पुसून पूर्ण कोरडी करतो आणि वर जुन्या सुती पातळाची सैल पट्टी गुंडाळतो. कूलरसमोर बसल्या तर टिकते, दुपारी चुलीपाशी गेल्या की सुटलीच. किंमत जाचते. आमच्या भागातल्या दुकानात ती कधीच तयार नसते, सांगून मागवावी लागते. आणि ज्याचा मला खरंच राग येतो ते म्हणजे आतला कागद. सगळा इंग्रजीत, बारीक अक्षरात. विडी कामगार बाईनं तो कसा वाचायचा? त्यातलं महत्त्वाचं म्हणून इथं मराठीत लिहिते.

१२ तास लावायची, पुढचे १२ तास काढून ठेवायची. आम्ही सकाळी ८ ते रात्री ८ लावतो, कारण झंपर दिवसा घासतं. एका वेळी ३ पेक्षा जास्त नाहीत. पट्टी कापता येते, पण मागचा कागद काढायच्या आधी. ओल्या फोडांवर, फुटलेल्या कातडीवर अजिबात नाही. वरून गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेनं औषध जास्त शोषलं जातं. हृदयाच्या स्नायूतही सोडियम वाहिन्या असतात आणि लिग्नोकेन हृदयाच्या काही प्रकारच्या अनियमित ठोक्यांवरही देतात, तेव्हा ठोक्यांसाठी गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. पाकीट उघडल्यावर घट्ट बंद करून ठेवा, नाहीतर उरलेल्या पट्ट्या वाळतात.

ओळखीतले एकजण मला म्हणाले, "मॅडम, अमेरिकेत नवी गोळी आलीय म्हणे." आली आहे. सुझेट्रिजिन, जानेवारी २०२५ मध्ये तिथं मंजूर झाली. सोडियम वाहिन्यांच्या ९ प्रकारांपैकी नॅव्ह १.८ हा एकच प्रकार ती अडवते, आणि तो मुख्यतः वेदनेच्या चेतापेशींत असतो. पण मंजुरी मिळाली ती शस्त्रक्रियेनंतरच्यासारख्या ताज्या वेदनेसाठी, नागिणीनंतरच्या जुन्या दुखण्यासाठी नाही. मला या संशोधनाकडून फार आशा आहे. २००६ साली पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत जन्मापासून वेदनाच न जाणवणारी मुलं आढळली, त्यांच्यात नॅव्ह १.७ ही एकच वाहिनी निकामी होती. एका वाहिनीवर एवढं अवलंबून असेल तर यापेक्षा चांगलं औषध नक्की निघेल. ते येईपर्यंत आमच्या घरी ही पट्टीच.

पाचपैकी चार. एक गुण त्या इंग्रजी कागदाचा कापला. आणि हो, काढलेल्या पट्टीत बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत दुमडून लहान मुलांचा, कुत्र्या-मांजरांचा हात-तोंड पोचणार नाही अशा जागी टाका.