एटॅक आणि टॅक सर्व्हर : कुलूप भक्कम, किल्ली पायपुसण्याखाली

एटॅक म्हणजे तुकडीतल्या सगळ्यांची जागा एकाच नकाशावर दाखवणारं, मुळात लष्करी ॲप. त्याची नागरी आवृत्ती एटॅक-सिव्ह फोनवर टाकली की बहुतेक जण आधी नकाशे उतरवत बसतात. नकाशे नंतर. आधी नेटवर्क प्रेफरन्सेसमध्ये जाऊन मेश मोड, म्हणजे सर्व्हरविना फोन-ते-फोन बोलण्याची सोय, बघा. तो चालू असला की फोन आपली जागा २३९.२.३.१ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर, पोर्ट ६९६९ वर, कसलंही एन्क्रिप्शन न करता ओरडून सांगत राहतो. त्याच वाय-फायवर वायरशार्क हे नेटवर्कवरची वाहतूक वाचणारं साधन लावून बसलेल्याला तुमचं टोपणनाव आणि अक्षांश-रेखांश आयते मिळतात. सर्व्हर वापरणार असाल तर मेश बंद करा. नसाल तर तिथेच एईएस-२५६ या एन्क्रिप्शनची किल्ली तयार करून तुकडीतल्या प्रत्येक फोनात घाला. एका फोनात राहून गेली तर तो गडी बाकीच्यांच्या नकाशावर दिसतच नाही, आणि सगळे जीपीएसला शिव्या घालत बसतात.

अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१० मध्ये हे ॲप करायला घेतलं. स्पेशल ऑपरेशन्सच्या तुकड्यांत ते रुळलं आणि २०२० पासून नागरी आवृत्ती प्ले स्टोअरवर फुकट मिळते. सोर्स कोडही खुला आहे. ऑफलाइन नकाशे, उंचीचा डेटा, गप्पा, मार्ग यांबाबत याच्या जवळपास जाणारं फुकट ॲप नाही. मेनू मात्र सैनिकाला तासन् तास शिकवायचे आहेत, अशा हिशेबाने रचलेत.

खरी परीक्षा टॅक सर्व्हरची, म्हणजे सगळ्या फोनांना जोडणाऱ्या मधल्या सर्व्हरची. ४ कोअर, ८ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क एवढ्यात तो बसतो. पोर्ट ८०८९ वर टीएलएसने, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीने, फोन जोडले जातात, ८४४६ वर नोंदणी होऊन प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरला फोनाची ओळख पटवणारी फाइल, मिळतं. ८४४३ वर ॲडमिनचं पान आणि फायलींची देवाणघेवाण एकत्र आहे, हे गैरसोयीचं. तो पोर्ट सरसकट बंद केला की माणसं नकाशावर दिसतात, पण पाठवलेला फोटो पोचत नाही. म्हणून अख्खा सर्व्हर वायरगार्ड या व्हीपीएनच्या आत ठेवणं बरं. जुनी ट्युटोरियल्स वाचून ८०८७ उघडला असेल तर आधी बंद करा. तिथे टीएलएस नाही.

आता किल्लीकडे. सर्व्हरवर प्रमाणपत्रं हाताने बनवून झिप पाठवायची पद्धत सगळीकडे दिसते. ती झिप उघडून पाहा : प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली असलेली पी-ट्वेल्व्ह फाइल आत, आणि शेजारच्या प्रेफ (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये तिचा पासवर्ड उघड लिहिलेला. तोही बहुधा ‘एटॅकएटॅक’, कारण मूळ स्क्रिप्टमध्ये तोच आहे आणि बदलायचं कष्ट कोण घेतो! अशी झिप व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की टीएलएस कितीही भक्कम असो, उपयोग शून्य. नोंदणीचा मार्ग यापेक्षा कितीतरी चांगला. फोन स्वतःच किल्लीची जोडी तयार करतो, सर्व्हरकडे फक्त सहीसाठी विनंती जाते, खासगी किल्ली फोनाबाहेर पडत नाही.

फोन हरवला तर? प्रमाणपत्र रद्द करायची स्क्रिप्ट चालवून लोक निर्धास्त होतात. पण रद्द यादीची फाइल कोअरकॉन्फिग या सर्व्हरच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये नोंदवून सर्व्हर पुन्हा सुरू केला नाही, तर हरवलेला फोन खुशाल जोडलेला राहतो. रद्द केल्यावर त्याच प्रमाणपत्राने जोडून बघणं हीच खात्री.

शत्रूही याच दाराने येतो. डिसेंबर २०२२ मध्ये युक्रेनच्या डेल्टा या युद्धभूमी-प्रणालीच्या वापरकर्त्यांना ‘प्रमाणपत्र अद्ययावत करा’ असे निरोप आले. ते संरक्षण मंत्रालयाच्या एका हॅक झालेल्या मेल खात्यावरून गेले होते, आणि सोबतच्या दुव्यावर मालवेअर होतं. प्रमाणपत्र कोण, कधी, कोणत्या मार्गाने देणार हे तोंडी ठरलेलं असावं. मेलने आलेलं प्रमाणपत्र घ्यायचंच नाही.

मोबाइल नेटवर्क नसेल तिथे मेशटास्टिक, म्हणजे छोटे रेडिओ वापरून एकमेकांना निरोप पोचवणारी प्रणाली, जोडता येतं. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा. एका पाकिटात सव्वादोनशे बाइटच्या आसपासच मजकूर मावतो, म्हणून जागा आणि छोटे निरोप जातात, फोटो विसरा. मूळ चॅनेलची किल्ली जगजाहीर आहे, ती बदलाच. आणि एन्क्रिप्शनने मजकूर झाकला जातो, प्रक्षेपण नाही. दिशाशोधक अँटेनाला ‘इथे कोणीतरी बोलतंय’ एवढं पुरतं. सॅमसंगने २०२० मध्ये काढलेल्या एस-२० टॅक्टिकल एडिशनमध्ये रेडिओ प्रक्षेपण बंद करणारा स्टेल्थ मोड दिला तो यासाठीच. साध्या फोनावर दोनदा जागा कळवण्यातलं वेळेचं अंतर वाढवा, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा.

दोन बारीक त्रास. प्लगइन (ॲपला जादा सोय जोडणारा भाग) ॲपच्या नेमक्या आवृत्तीसाठी बनलेलं लागतं, त्यामुळे मोहिमेच्या आदल्या रात्री ऑटो-अपडेट झालं की प्लगइन उघडतच नाही. ऑटो-अपडेट बंद ठेवा. आणि प्रत्येक निरोपावर कालबाह्य होण्याची वेळ कोरलेली असते. एखाद्याच्या फोनाचं घड्याळ पाच-दहा मिनिटं मागे असलं की त्याचं चिन्ह बाकीच्यांना आल्या आल्या राखाडी दिसतं. निघण्यापूर्वी सगळ्यांची घड्याळं जुळवून घ्या.