वॉश कोणता: अ‍ॅक्रिलिक की इनॅमल?

देवळाली कॅम्पातल्या भाच्याने शर्मन रणगाड्याचं १:३५ मापाचं मॉडेल ऑलिव्ह ड्रॅब या लष्करी हिरवट रंगात रंगवलं आणि तो वॉशपाशी अडला. वॉश म्हणजे खाचांत सावली आणि मळ दाखवायला रंगावरून फिरवायचा अगदी पातळ रंग; तो पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक असतो किंवा तेलाधारित इनॅमल.

खरा फरक हाताशी मिळणाऱ्या वेळेचा. अ‍ॅक्रिलिक वॉश काही मिनिटांत सुकतो. बोल्टभोवती डागाची कडा राहिली की ती काढणं कठीण. इनॅमल अर्धा तास थांबून, व्हाइट स्पिरिटने (इनॅमल विरघळवणाऱ्या द्रावाने) जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने वरून खाली ओढला की पावसाचे ओघळ हुबेहूब उतरतात. बिघडलं तर पुसा, पुन्हा लावा. खालचा अ‍ॅक्रिलिक रंग मात्र पुरता सुकलेला हवा. त्यावर ग्लॉस वार्निश दिलं तर वॉश खाचांत सुरेख धावतो. ही पायरी मी कधीच सोडत नाही.

खर्च? अ‍ॅक्रिलिकला पाणी पुरतं, इनॅमलला स्पिरिट वेगळं घ्यावं लागतं.

वास ही इनॅमलची मोठी अडचण. नाशिकच्या पावसाळ्यात खिडक्या बंद असताना ते उघडूच नये.

लहान मुलांच्या घरात, किंवा एका बैठकीत काम उरकायचं असेल तर अ‍ॅक्रिलिक. ओघळ, गंज, तेलाचे डाग निवांत घडवायचे असतील तर इनॅमल. भाच्याकडे मोकळी गॅलरी आहे, हातही नवा आहे. त्याला मी इनॅमलच घ्यायला सांगितलं.