प्रोग्रॅमिंगसाठी असेंबल केलेला डेस्कटॉप: इंदुरात नऊ महिने वापरल्यावर

गेल्या डिसेंबरात सिल्व्हर मॉलमधून सुटे पार्ट घेऊन हा डेस्कटॉप असेंबल करून घेतला. माझं काम बॅकएंडचं. सी++ चा एक जुना अवाढव्य प्रोजेक्ट, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) चार-पाच सर्व्हिसेस, पोस्टग्रेस डेटाबेस, आणि कधीमधी अँड्रॉइडचा एम्युलेटर. लॅपटॉपवर पूर्ण बिल्डला, म्हणजे सगळा कोड कंपाइल करून चालता प्रोग्रॅम बनवायला, ११ मिनिटं लागायची, आणि त्याचा पंखा ऐकून आई आतून विचारायची, "मिक्सर लावलायस का गं?"

घेतलं ते असं: एएमडीचा रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम स्टिक, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. मॉनिटर घरचाच होता. तो सोडून खर्च ऐंशी हजारांच्या आसपास. आता तोच बिल्ड अडीच मिनिटांत होतो.

ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. दुकानात धाकटा भाऊ बरोबर होता, तर प्रश्न माझे आणि दुकानदाराची उत्तरं सगळी त्याला. "भिया, बिना ग्राफिक्स कार्ड के कंप्यूटर?" भाऊ बिचारा बी.कॉम.ला, तो माझ्याकडे बघतोय. ७७०० मध्ये साधं ग्राफिक्स आतच असतं. दोन मॉनिटर, एकावर कोड आणि एकावर लॉग, एवढ्याला ते पुरून उरतं. लिनक्सवर ड्रायव्हर शोधत बसावं लागलं नाही. गेम खेळायचे नसतील, मॉडेलं ट्रेन करायची नसतील, तर ते पैसे वाचवा.

चुकले ते रॅममध्ये. प्रोसेसरला १६ थ्रेड आहेत, म्हणजे तो एका वेळी १६ कामं चालवतो, म्हणून मी एका वेळी १६ फायली कंपाइल करायला लावायचे. टेम्प्लेटांनी भरलेली सी++ ची एक-एक फाइल कंपाइल होताना जीबीभर मेमरी सहज खाते. त्यात डॉकर, एम्युलेटर आणि ब्राउझरचे चाळीस टॅब. ३२ जीबी महिनाभरात अपुरी पडली. बोर्डावर दोन स्लॉट रिकामे होतेच, म्हणून तश्शाच आणखी दोन स्टिक आणल्या. तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर.

बसवून बटण दाबलं तर स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, बाकी काही नाही. पाच मिनिटं गेली, सात गेली. बोर्ड गेला असं समजून मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि तेवढ्यात चित्र आलं. नवी रॅम दिसली की हा प्लॅटफॉर्म तिचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी सिग्नल जुळवून घेतो, आणि त्याला वेळ लागतो, हे नंतर वाचलं. चालू झाल्यावर बघते तर रॅमचा वेग ३६०० (मेगाट्रान्सफर दर सेकंदाला). दोन स्टिक होत्या तेव्हा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवायचं तयार सेटिंग) लावून ६००० वर चालत होत्या.

एएमडीच्या तपशिलात हे स्पष्ट लिहिलंय: या प्रोसेसरला दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. त्यापुढचं सगळं आपल्या जोखमीवर. मी प्रोसेसरवर तीन आठवडे व्हिडिओ बघितले होते, हे पान उघडलं नव्हतं.

मग हौस म्हणून चारही ५२०० वर चालवल्या. दोन दिवस सुरळीत. तिसऱ्या दिवशी बिल्ड अर्ध्यात पडला: इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे कंपायलरच कोसळला. पुन्हा चालवला तर ती फाइल पास, वेगळीच फाइल पडली. आधी जीसीसी कंपायलरला शिव्या घातल्या, मग आमच्याच टीममधल्या एका हेडर फाइलला. चूक दर वेळी जागा बदलत असेल तर कोडकडे बघूच नका. रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून झोपले. सकाळी स्क्रीनभर लाल ओळी. चारही स्टिक चार हजारांच्या तोट्यात विकल्या आणि ३२-३२ चा जोड घेतला. तो ६००० वर आजतागायत एकदाही अडलेला नाही. पुढे ६४ जीबी लागेल अशी नुसती शंका जरी असली, तरी पहिल्याच दिवशी दोन मोठ्या स्टिकमध्ये घ्या. चार स्लॉट बघून हुरळू नका.

दुसरा धडा मे महिन्यातला. संध्याकाळी वावटळ उठली की आमच्या लोकमान्य नगरात लाईट जाते. घरात जुना ६०० व्हीएचा यूपीएस होता. डिसेंबरात प्लग काढून तपासलाही होता, तेव्हा मशीन व्यवस्थित चालू राहिलं. पण तेव्हा ते रिकामं बसलेलं होतं. मे महिन्यात बिल्ड चालू असताना लाईट गेली तर यूपीएस टीं-टीं करतोय आणि मशीन बंद. वॉटेजचा प्रश्न नव्हता, लोड दोनशेच्याही आतला. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की खरी साइन वेव्ह न देता पायऱ्या-पायऱ्यांची देतो, आणि अॅक्टिव्ह पीएफसीच्या (वीज खेचणं सुधारणारं सर्किट असलेल्या) काही एसएमपीएसना ती लोडखाली झेपत नाही. परत चालू केलं तर गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) म्हणतंय, ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे. नुकताच केलेला कमिट (कामाची नोंद) सर्व्हरवर पुश करायचा राहिला होता, तो गेला. दुपारभराचं काम. आता प्युअर साइन वेव्हचा १ केव्हीए आहे. तपासणी मुद्दाम बिल्ड चालू ठेवून केली.

उन्हाळ्याची मला जास्त भीती होती, ती फुकट गेली. बाहेर ४२ अंश असताना, एसीशिवाय, पूर्ण बिल्डमध्ये प्रोसेसर ऐंशीच्या घरात राहिला. याची मर्यादा ९५ आहे, आणि बॉक्समधलाच कूलर लावलाय. वैताग आला तो आवाजाचा. फाइल सेव्ह केली की घर्रर्र, मग शांत, मग परत घर्रर्र. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग वाढायला थोडी सवड दिली आणि ते थांबलं. धुळीचं मात्र काय सांगू! २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येणारं आपलं गाव, आणि जाळीमागच्या फिल्टरवर दर पंधरा दिवसांनी राखाडी गोधडी.

डेटाबेसच्या डम्पसाठी (पूर्ण प्रतींसाठी) नंतर एक स्वस्त क्यूएलसी एसएसडी (एका सेलमध्ये चार बिट ठेवणारी) टाकली. पहिले काही जीबी भुर्रकन जातात, मग कॅश भरली की जुन्या हार्ड डिस्कची आठवण येते. नुसत्या साठवणीला ठीक.

आज घ्यायचं झालं तर ७७०० ऐवजी सहा कोअरचा ७६०० घेईन आणि उरलेल्या पैशांत रॅम आणि यूपीएस पहिल्या दिवशीच. बिल्डला अर्धा-पाऊण मिनिट जास्त लागेल, तर लागू दे.

एक तक्रार अजून शिल्लक आहे. रोज सकाळी चालू करताना रॅमचं तेच ट्रेनिंग होतं आणि चाळीसेक सेकंद काळ्या स्क्रीनकडे बघत बसावं लागतं. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर (आधीचंच ट्रेनिंग पुन्हा वापरणं) चालू केलं की हे कमी होतं. पण त्या लाल ओळी बघितल्यापासून तिथे हात लावायची हिंमत होत नाही. बटण दाबते आणि चहाचं आधण ठेवायला जाते.