त्रास होता डावीकडे आणि रूट कॅनल झालं उजवीकडे, आईच्या दातांचा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहितोच कारण आमच्या वाडीतल्या एका काकींना त्याच क्लिनिकमध्ये तीन रूट कॅनल सांगितलेत आणि त्या पैसे जमवायला लागल्यात. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, सिंधुदुर्गातलंच आहे एवढं पुरे.

आमचं गाव आचऱ्याच्या बाजूला. डिसेंबरात जत्रेतून खटखटे लाडू आणले होते, आईने एक चावला आणि खालच्या डाव्या दाढेत भरलेलं जुनं सिमेंट निघून आलं. दुखत असं नव्हतं, थंड पाणी लागलं की चमक यायची आणि दोन-तीन सेकंदांत जायची. आई 61 वर्षांची, शुगर आहे, गोळी चालू आहे. मी म्हटलं चल, परत भरून घेऊया, अर्ध्या तासाचं काम.

तिथे खुर्चीच्या समोर मोठा टीव्ही. पेनासारखा कॅमेरा तोंडात घातला की दाढ स्क्रीनवर नारळाच्या वाटीएवढी दिसते. डावी बाजू जेमतेम दाखवली आणि कॅमेरा गेला उजवीकडे, तिथल्या दाढांच्या खाचांत काळं काळं, डॉक्टर म्हणाले बघा, कीड मुळापर्यंत गेलीय, चार रूट कॅनल आणि चार कॅप, 38 हजार, आज सुरू केलंत तर 32 मध्ये करतो. आई म्हणाली, "माका हयसर कायच दुखत नाय." त्यावर डॉक्टर म्हणाले, "काकी, न दुखणारा दातच जास्त धोक्याचा, नस मेली की दुखत नाही. त्यात तुम्हाला शुगर."

हे वाक्य खोटं नाहीये, म्हणून तर मी गप्प बसलो. नस मेली की दुखणं थांबतं आणि खाली पू होत राहतो हे खरंच घडतं. पण नस मेलीय की नाही हे तपासावं लागतं, आणि त्यांनी काहीच तपासलं नव्हतं, गार कापूस लावून बघितलं नाही, दातावर ठोकून बघितलं नाही. एक एक्स-रे काढला, तो दुरूनच स्क्रीनवर दाखवला. आई तोंड उघडं ठेवून आडवी, ओठाला ती लाळ ओढायची नळी लटकलेली, असिस्टंट इंजेक्शन भरून उभी, आणि मला विचारतायत करायचं ना. अशा वेळी नाही म्हणायला जीभच उचलत नाही. आई पण म्हणाली, "डाक्टर सांगता म्हणजे खरा असतला." मी 24 हजार गूगल पे केले.

ड्रिल सुरू झालं आणि आई खुर्चीत उडाली, सुन्न करायचं इंजेक्शन दुसरं द्यावं लागलं. मेलेल्या नसेला एवढी कळ कशी, हे मी तिथेच विचारायला हवं होतं, नाही विचारलं, याचं मला अजून वाईट वाटतं. तीन खेपांत उजवीकडच्या दोन दाढा झाल्या, चारी बाजूंनी तासून कॅप बसल्या. आणि डावीकडची, जिच्यासाठी गेलो होतो ती, तात्पुरती भरून ठेवली.

फेब्रुवारीत कॅपखाली ठणकायला लागलं. बहीण मुंबईला असते, ती म्हणाली घेऊन ये इकडे, मग मांडवी एक्सप्रेसने आईला नेलं आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे तिथे दाखवलं. रांग मोठी, सकाळ सगळी गेली, पण ज्या मुलीने आईला तपासलं तिने आधी विचारलं की आजी नक्की कुठे दुखतं, रात्री झोपेतून उठवतं का, गरम चहाने दुखलं तर किती वेळ राहतं. मग बर्फासारखा गार कापूस एकेका दाढेला लावला, आरशाच्या दांड्याने हलकं ठोकलं, एक्स-रे काढला. राहिलेल्या दोन दाढा, ज्यांचं रूट कॅनल करायचं म्हणून आमचे पैसे घेतले होते, दोन्ही जिवंत आणि ठीक. आणि ते काळं? आईने वीस-बावीस वर्षं मशेरी लावली, तीन वर्षांपूर्वी सोडली. डॉक्टर मुलीने साफ करायचं मशीन फिरवलं तसं ते काळं सुटून पाण्याबरोबर यायला लागलं, खालून दाताचा रंग दिसला. ते डाग होते. (मशेरी वाईटच, तोंडाच्या कॅन्सरचं कारण आहे, घरात कोणी लावत असेल तर सोडायला लावा, पण डाग म्हणजे कीड नव्हे.)

झालेल्या दाढांचं काय, म्हणून मी क्लिनिकला फोन करून जुना एक्स-रे मागितला. चार वेळा मागितल्यावर व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो आला, त्यावर नाव नाही, तारीख नाही. डेंटल कॉलेजच्या मोठ्या सरांनी तो बघितला आणि आईला म्हणाले तोंड उघडा. फोटोत दोन दाढांच्या मागे आडवी अक्कलदाढ दिसते. आईची उजवी खालची अक्कलदाढ 2009 साली काढलेली आहे. तो एक्स-रे माझ्या आईचा नाहीच. मला घाम फुटला हो, आपण कोणाच्या तरी दुसऱ्याच्या एक्स-रेवर आईची दाढ कोरून घेतली.

सर म्हणाले आता मूळ दाढ कशी होती हे खात्रीने सांगता येणार नाही, जे तासलं ते परत येत नाही, एका दाढेच्या मुळातली तिसरी नळी नीट भरलेली नाही म्हणून ठणकतंय, ती परत करावी लागेल. डावीकडची साधी भरून दिली, आज मस्त आहे.

सगळे डॉक्टर असे नसतात. माझं स्वतःचं रूट कॅनल गरजेचं होतं, रात्री दोनला उठून भिंतीला डोकं लावून बसायचो, गाल सुजला होता. पण दुखत नसताना, सूज नसताना कोणी चार-चार सांगितले तर खुर्चीतून उठा, घरी या. आपल्या नावातारखेचा एक्स-रे हातात घ्या आणि दुसऱ्या डेंटिस्टला दाखवा, पहिल्याने काय सांगितलं ते आधी बोलू नका. दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही, सूज किंवा ताप असेल तर मात्र थांबू नका. आणि पक्की पावती घ्या, आमच्याकडे गूगल पे होतं म्हणून निदान पुरावा आहे.

क्लिनिकने न केलेल्या कामाचे 8 हजार परत केले, बाकीचे नाही म्हणाले. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे अर्ज लिहून झालाय, तो फोटो आणि मुंबईचे एक्स-रे जोडलेत. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या केसला फी नाही आणि 2 वर्षांच्या आत जावं लागतं, तेही करणार आहे. काकींना काल संध्याकाळी आईनेच घरी बोलावून दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून दाखवले, त्या सोमवारी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवायला जातायत.