कबीरिया आधी बघू की मम्मा रोमा?

एकच रात्र मोकळी आहे, जुना इटालियन सिनेमा बघायचाय आणि त्यातही शरीरविक्रीचा धंदा सोडून नव्याने जगायला निघालेल्या बाईची गोष्ट हवीय, तर गाडी शेवटी दोनच नावांवर येऊन थांबते. दिग्दर्शक फेलिनीचा 'नाइट्स ऑफ कबीरिया' (१९५७) आणि दिग्दर्शक पासोलिनीचा 'मम्मा रोमा' (१९६२). दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट, दोन्ही रोमच्या कडेच्या वस्त्यांतले, लांबीलाही साधारण सारखेच, त्यामुळे वेळेवरून काही ठरणार नाही.

कबीरिया सुरू होतो तोच तिचा बॉयफ्रेंड तिला नदीत ढकलून पर्स घेऊन पळतो, ४०,००० लिरांसाठी! लोक तिला बाहेर काढतात तर ही बया आभार मानायचं सोडून त्यांच्यावरच डाफरते, आणि तिथेच आपण तिच्या प्रेमात पडतो. कबीरिया झालेली जुलिएत्ता मासिना (फेलिनीची बायकोच ती) एवढीशी, रंगवलेल्या भुवया, अंगात जुनाट फरचं जॅकेट. एक मोठा हीरो तिला बंगल्यावर नेतो, तेवढ्यात त्याची मैत्रीण टपकते आणि हिची अख्खी रात्र बाथरूममध्ये कुत्र्याच्या पिल्लासोबत जाते. हसू येतं आणि पोटात तुटतं पण.

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र जत्रेचा. धंद्यातल्या सगळ्याजणी देवीला (म्हणजे मदर मेरीला) जातात, कबीरिया रडून रडून मागते की माझं आयुष्य बदल, सोबतचा एक लंगडा काका चमत्कार होईल म्हणून कुबड्या टाकतो आणि धाडकन पडतो. मग बाहेर गवतावर खाणंपिणं चालू असताना ही दारूच्या नशेत ओरडते की अरे कुणीच बदललं नाही! नवस बोलून आलेल्या कुणालाही हा सीन लागेल.

मम्मा रोमा वेगळीच आहे, ती कुणाकडे काही मागत नाही. ती झालेली आना मान्यानी भाजीचा गाळा घेते, नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेते, का तर वयात आलेल्या मुलाला चारचौघांत बसवायचंय, पण त्याला हॉटेलात नोकरी मिळवून द्यायला ती मालकाला जाळ्यात अडकवून ब्लॅकमेल करते, म्हणजे धंद्यातून बाहेर पडायचं तेही धंद्याच्याच युक्त्या वापरून. रात्रीच्या रस्त्यावर ती चालत स्वतःची कहाणी सांगते, अंधारातून एकेक पुरुष येतो, चार पावलं सोबत चालतो, गळतो, दुसरा येतो, हिचं बोलणं चालूच. मागे फक्त दिवे. हा एक शॉट मी तीनदा मागे नेऊन पाहिला.

मुलाचं पुढे काय होतं ते सांगत नाही, पण घरात टीनएजर असेल तर जपून. आधीच आठवडा वाईट गेला असेल तर हा नकोच.

माझं मत विचाराल तर आधी कबीरिया, त्याला ऑस्कर आणि मासिनाला कान्सचं बेस्ट ॲक्ट्रेस मिळालं म्हणून नाही, तर मार खाऊनही ती बाई उठून चालायला लागते म्हणून. आणि गंमत म्हणजे कबीरियातल्या रोमच्या बोलीच्या संवादांना पासोलिनीचाच हात लागलाय, म्हणून डब केलेला नको, सबटायटल्सचाच बघा. कॉपी घेताना एक चेक करा, पोतं घेऊन रात्री गरिबांना खायला वाटणारा माणूस त्यात आहे का. तो सीन आधी कापला होता, १९९८च्या रिस्टोर्ड प्रिंटमध्ये परत आला.