इन्सुलिन पेन: पेन झकास, सुयांचा खर्च धरून चाला

पेन कसं भरायचं, आधी दोन युनिट हवेत कसे सोडायचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते लिहीत नाही. शहापूर-खानापूर रोज बसनं ये-जा करणाऱ्याला खिशात मावणारं पेन फार सोयीचं. बाटलीला चाळीसची सिरिंज की शंभरची (एका मिलीत किती युनिट, तो आकडा), हा घोळही मिटला. पावसाळ्यात कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

दिवाळीनंतर बेंबीच्या डावीकडं गाठ लागायला लागली. दुखत नाही, लाल नाही, नुसती रबरी. तिथं टोचलेलं कळतही नाही, म्हणून हात तिकडंच जातो. इकडं शुगर कधी दोनशेच्या वर, कधी भलतीच खाली. दवाखान्यात दरवेळी रिपोर्ट बघून डोस वाढवला; पोटाला हात लावायचं काही सुचलं नाही. फी मात्र पुरेपूर!

शेवटी एका नर्सबाईंनी बोटांनी चाचपून सांगितलं, लायपोहायपरट्रॉफी. इन्सुलिन एकाच जागी पडत राहिलं की तिथली चरबी वाढते. गाठीतून औषध कधी पटकन उतरतं, कधी अडकून बसतं. सुई आखूड म्हणून गाठ होते असं आमच्या गल्लीत सांगतात, ते खोटं. चार मिमीची सुई जाड माणसालाही पुरते. पण तीच ती सुई पुन्हा वापरली की गाठीचा धोका वाढतो. आणि आमचा मेडिकलवाला म्हणतो, "काका, एक सुई आठवडाभर चालते की!" पाकिटावर स्पष्ट छापलंय, एकदाच वापरा.

नर्सबाईंनी आणखी एक बजावलं: गाठ सोडून चांगल्या जागी टोचायचं तर डोस आधी डॉक्टरांना विचारून कमी करा, तिथं औषध पूर्ण लागू पडतं. कमी करूनही एका संध्याकाळी शुगर उतरली, घाम फुटला, हातपाय लटलटले. घरच्यांनी कुंदा, म्हणजे आमची बेळगावची खव्याची मिठाई, पुढं केला! अहो, खव्यातल्या तुपानं साखर चढायला उशीर होतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. कुंदा पाहुण्यांना ठेवा.

आता पोटाचे चार भाग पाडलेत, आठवड्याला एक, दोन टोचण्यांत बोटभर अंतर. गाठ मऊ पडलीय, पुरती गेलेली नाही. डोसही उतरला, म्हणजे इन्सुलिनचे पैसे वाचले. ते सगळे सुयांत गेले.

पेनला चार तारे, सुयांच्या किमतीला दोन. बेळगावात शंभर सुयांचा डबा कुणी सवलतीत देत असेल तर कळवा, सुट्या घेणं परवडत नाही.