अर्धवट माहितीचे पूर्वज: रकाना कोरा ठेवावा की अंदाज लिहावा?

सामायिक, म्हणजे अनेकजण मिळून भर घालतात आणि बदलतात अशा ऑनलाइन वंशवृक्षात पणजोबांच्या मागे गेलं की नोंदी तुटकच हाती लागतात. नाव मिळतं तर साल नसतं, साल मिळतं तर बाईचं माहेरचं आडनाव नसतं. मग दोनच मार्ग उरतात. ठाऊक नाही ते कोरं सोडायचं, नाहीतर तर्काने बांधलेला अंदाज, अंदाज म्हणूनच लिहायचा. मी दोन्ही मार्गांनी गेलो आहे.

कोऱ्या रकान्याच्या बाजूने बोलायचं तर त्यात सचोटी आहे. कागदावर सापडलं नाही ते लिहायचं नाही, एवढा साधा नियम. वंशावळ फक्त स्वतःच्या संगणकावर ठेवणार असाल तर मी आजही हेच सुचवेन. नावांच्या बाबतीत सामायिक झाडावरही साधारण हेच बरं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर न मिळालेलं नाव मोकळंच सोडायची पद्धत आहे. विकिट्री या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर जन्माचं आडनाव सक्तीचं असल्यामुळे तिथे ‘अननोन’ लिहितात. दोन्ही चालतील. पण माहेरच्या आडनावाच्या जागी नवऱ्याचं आडनाव कधीच घालू नये. नोंद पूर्ण दिसायला लागते आणि पुढचे सगळे भलत्याच घराण्यात तिचे आईवडील शोधत बसतात.

तारखांचं मात्र वेगळं आहे, आणि माझा कौल तिथेच फिरला. सामायिक झाडावर एकाच माणसाच्या दोन नोंदी असल्या तर त्या मर्ज करता येतात, म्हणजे जोडून एकच नोंद करता येते, आणि संभाव्य जोड्या यंत्रणा स्वतःहूनही सुचवते. ज्या नोंदीत तारीखच नाही, तिचं कोणाशीच वाकडं येत नाही. ती कुठेही खपून जाते. माझ्या एका खापरपणजीचं फक्त नाव आणि तिच्या मुलाचं जन्मसाल, १८९१, एवढंच मला मिळालं होतं. तिची जन्मतारीख कोरी होती. कोणीतरी तिला त्याच नावाच्या, १८८४ साली जन्मलेल्या बाईशी मर्ज केलं. म्हणजे मुलगा झाला तेव्हा आई सात वर्षांची! त्या बाईबरोबर तिचा नवरा, आईवडील, भावंडं असा सगळा गोतावळा आमच्या झाडात येऊन बसला. बदलांचा इतिहास उघडून एकेक नातं सोडवताना जीव मेटाकुटीला आला. करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. नाव जुळलं, आणि अडवणारं काही समोर नव्हतं.

आता त्याच रकान्यात ‘१८४५ ते १८७५ दरम्यान’ असं आहे आणि टिपणात एक ओळ: ‘मुलाच्या १८९१च्या जन्मावरून काढलेला अंदाज, जन्माची नोंद मिळालेली नाही.’ तेव्हापासून ती नोंद कोणी हलवलेली नाही. एका नोंदीवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मान्य, पण माझ्यापुरता फरक स्पष्ट आहे.

अंदाज असा नोंदवायच्या सोयी आहेत. फॅमिलीसर्चवर तारखेला ‘सुमारे’, ‘पूर्वी’, ‘नंतर’, ‘दरम्यान’ जोडता येतं आणि बदलामागचं कारण लिहायला वेगळी चौकट मिळते. विकिट्रीवर तारीख अनिश्चित असल्याची खूण करता येतेच, शिवाय आई किंवा वडील हे नातंही अनिश्चित म्हणून नोंदवता येतं. मला ही सोय फार मोलाची वाटते. गेडकॉम या वंशावळीच्या फाइल-प्रकारातही ‘सुमारे’ आणि ‘दरम्यान’साठी ठरलेल्या खुणा आहेत, म्हणजे झाड दुसरीकडे नेताना अंदाजाचं अंदाजपण टिकू शकतं.

अंदाजाचा धोका मी नाकारत नाही. ‘सुमारे १८६०’ मधलं ‘सुमारे’ नकलताना गळतं आणि उरलेलं १८६० पक्कं साल म्हणून झाडाझाडांत पसरतं. म्हणून गोल आकड्यापेक्षा दोन टोकं द्यावीत. ‘१८४५ ते १८७५’ला कोणी पक्कं साल समजत नाही. ठिकाणाचा अंदाज मात्र शक्यतो टाळावा. यादीतून निवडलेलं गावाचं नाव खात्रीचंच वाटतं आणि टिपण उघडून बघणारे थोडे. फारतर जिल्हा किंवा प्रांत लिहून थांबावं.

पूर्वजाचं नाव दुर्मिळ असेल, जोडीदार आणि मुलं पुराव्यासकट जोडलेली असतील, तर जन्मतारीख कोरी ठेवूनही सहसा निभावतं. नाव गल्लोगल्ली सापडणारं असेल तर दोन टोकं आणि कारणाची ओळ नोंद तयार करतानाच लिहून टाका.